वाळीत टाकणं: कोकणातल्या बहिष्काराचा इतिहास आणि त्याविरुद्धचा कायदा

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती जिथे बसते त्या चौथऱ्यावरून, निघते आणि वाडीवाडीतल्या घरोघरी जाते. घरातली बाई ओटी भरते, मानकरी गाऱ्हाणं घालतात, पालखी पुढच्या घरी जाते. एखाद्या दारापुढून ती न थांबता गेली, की ते घर वाळीत आहे हे साऱ्या गावाला कळतं. कागद लागत नाही, दवंडी लागत नाही. तिथून पुढे त्या घराची हळद, बारसं, मयत, भातलावणी, सगळंच अडतं.

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत ही गोष्ट जुनी आहे आणि अजून संपलेली नाही. विधवांचा पुनर्विवाह असो, दलितांचा पाण्याचा हक्क असो किंवा एखाद्या धर्मपंथातल्या सुधारकांचं मतस्वातंत्र्य असो, समोर हेच हत्यार उभं राहिलं. कायद्याने हक्क दिला आणि तो वापरणाऱ्याला गावाने शिक्षा केली, असं पुन्हा पुन्हा घडलं. हक्क देणाऱ्या कायद्याच्या जोडीला बहिष्कारालाच गुन्हा ठरवणारा कायदा लागतो, हे कोकणाने फार मोठी किंमत देऊन शिकवलं. महाराष्ट्रात तसा सर्वांसाठीचा, आजही टिकून असलेला कायदा लागू झाला तो ३ जुलै २०१७ रोजी.

बहिष्कार चालतो कसा

आधी बैठक होते. ती देवळाच्या सभामंडपात, समाजमंदिरात किंवा मुंबईतल्या मंडळाच्या खोलीत भरते. कोकणातल्या पुष्कळ गावांची गावकी, म्हणजे गावाचे निर्णय घेणारी परंपरागत बैठक, दोन ठिकाणी नांदते, एक गावात आणि एक चाकरमान्यांची मुंबईत. दंडाची रक्कम मुंबईत ठरली आणि अंमल गावात झाला, असं सर्रास होतं. बैठकीत पुरुष बसतात. ज्या बाईच्या लग्नावरून किंवा जमिनीवरून बैठक भरली, तिला बोलण्याची संधी बहुतेक वेळा मिळत नाही.

कारणं ठरावीक असतात. आंतरजातीय लग्न, देवस्थानच्या पैशांचा हिशेब मागणं, भावकीतला जमिनीचा वाद पंचांकडे न नेता कोर्टात नेणं, ग्रामपंचायत निवडणुकीत गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध अर्ज भरणं, वर्गणी किंवा आधीचा दंड न देणं. वरकरणी कारण काहीही असलं तरी मूळ तक्रार एकच असते: याने गावकीचा शब्द मोडला.

मग ठराव होतो आणि त्यातलं खरं कलम असतं ते इतरांसाठी. ‘त्यांच्या घरी जो जाईल, त्यांच्याशी जो बोलेल, त्यालाही दंड.’ सगळी यंत्रणा या एका वाक्यावर चालते. शेजाऱ्याच्या मनात राग नसतो, पण त्यालाही मुलीचं लग्न करायचं असतं, मयताला खांदेकरी हवे असतात, लावणीच्या दिवसांत माणसं हवी असतात. तो गप्प बसतो. तो गप्प बसला की पंचांना हात उगारायची गरजच राहत नाही. म्हणूनच बहिष्कृत माणूस पोलिसांकडे गेला की त्याच्याकडे दाखवायला जखम नसते आणि साक्षीदारही नसतो.

बायकांवर याचा भार अधिक पडतो. पाणवठा, बाजार, शेतातली सोबत, आजारपणातली मदत, हळदीकुंकू ही सगळी रोजची देवाणघेवाण बहुतांशी बाईच्या हातून होते. पुरुष मुंबईला कामाला असेल तर वाळीत पडलेलं घर म्हणजे एकटी बाई, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुलं. परत येण्याची वाटही अपमानाचीच असते: बैठकीत उभं राहून चूक कबूल करायची, नारळ-विडा ठेवायचा, दंड भरायचा. आणि ‘चूक’ म्हणजे बहुतेक वेळा कायद्याने दिलेला एखादा हक्क वापरलेला असतो.

मुरूड, १८९३

विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा कायदा १८५६ साली झाला. त्यातही मेख होती. कलम २ नुसार पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत असे. तरी लग्न वैध ठरत होतं, मुलं औरस ठरत होती.

धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पुढे त्या आनंदीबाई आणि बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. माहेर देवरुखचं, सासर दापोली तालुक्यातलं मुरूड. कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती, तरी मुरूडने बैठक भरवून ठराव केला. कर्व्यांच्या बैठकीला कोणी बसू नये, ते जिथे असतील त्या सभेला कोणी जाऊ नये आणि भावाने त्यांना घरात उतरवून घेतलं तर भावालाही वाळीत टाकावं. तिसरं कलम नीट वाचावं. गाव कर्व्यांचं लग्न मोडू शकत नव्हतं. कर्वे पुण्यात नोकरी करत होते, त्यांचं पोट मुरूडवर नव्हतं. गावाच्या हातात होते ते मागे राहिलेले आई आणि भाऊ. तिथे घाव घातला.

१८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्याला सजा होणार नाही एवढं पाहिलं होतं. गावाने दिलेल्या सजेबद्दल तो गप्प होता. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. गावाबाहेर राहायची, शिकायची आणि कमवायची जागा असेल तरच बाईला कायद्याचा उपयोग, हे त्यामागचं व्यवहारी गणित होतं.

महाड: तळं सरकारी, पाणी कोणाचं?

महाडची गोष्ट सगळ्यांना २० मार्च १९२७ या तारखेपुरती माहीत असते. तिचा आधीचा आणि नंतरचा भाग कमी सांगितला जातो, आणि हक्क कागदावरून जमिनीवर येताना कुठे अडकतो ते तिथेच दिसतं.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. ११ सप्टेंबर १९२३ ला सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीची सूचना दिली. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागद पुरे झाले. तीन वर्षं तळ्यावर फरक पडला नाही, कारण पाणी प्यायला गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गावात राहायचं होतं.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी आयोजनात होती. टिपणीस नगरपालिकेच्या कारभारातले, चित्रे आणि टिपणीस दोघेही सवर्ण. परिषदेला आलेल्या हजारो माणसांच्या पिण्यासाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, आणि तेही ज्या गावात नगरपालिकेचं तळं भरलेलं होतं तिथे. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’ केली गेली. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

२५ डिसेंबरला पुन्हा सत्याग्रह ठरला. या वेळी विरोधकांनी कोर्ट गाठलं. १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल झाला: तळं आमच्या वापराचं आहे, अस्पृश्यांनी ते कधीच वापरलेलं नाही, तशी पूर्वापार वहिवाट आहे, त्यांना मनाई करा. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. दोन दिवसांत.

बहिष्काराची व्यवस्था किती पक्की होती, हे डिसेंबरच्या या सत्याग्रह परिषदेच्या तयारीत दिसतं. मंडपाला जागा मिळेना. अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. महाडचे व्यापारी माल देतील याचा भरवसा नव्हता, म्हणून धान्य बाहेरून आणावं लागलं. धरमतरहून येणाऱ्या मोटारी ऐन वेळी नकार देतील म्हणून बाबासाहेब आणि सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून महाडला आले. पाण्यावर हक्क सांगायचा तर जागा, धान्य आणि वाहन आधी उभं करावं लागत होतं. २५ तारखेला रात्री मनुस्मृतीचं दहन झालं, ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. मनाई हुकूम मोडायचा की नाही यावर बराच खल झाला. हुकूम सरकारी न्यायालयाचा होता; तो मोडला तर भांडण सवर्णांऐवजी सरकारशी झालं असतं. सत्याग्रह तहकूब झाला, लोक तळ्याला फेरी घालून परतले. या परिषदेला आलेल्या बायकांपुढे बाबासाहेब वेगळे बोलले. जात ओळखता यावी म्हणून लादलेल्या लुगडं नेसण्याच्या पद्धती आणि जड दागिने सोडा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. परत जाताना अनेक जणी घोट्यापर्यंत लुगडं नेसून गेल्या. कोणी काय नेसावं हे जातीने ठरवणं, हाही त्याच नियंत्रणाचा भाग होता.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. पण दावा चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाने तो जून १९३१ मध्ये फेटाळला. ठाण्याच्या न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळलं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल लागला. म्हणजे थांबवायला दोन दिवस लागले आणि हक्क शाबीत व्हायला नऊ वर्षं तीन महिने.

निकालाचं कायद्यातलं सूत्र समजून घेण्यासारखं आहे. तळं नगरपालिकेकडे होतं, चार-पाच एकरांचं होतं, चारही बाजूंना नगरपालिकेचे रस्ते होते. दाव्याआधी अस्पृश्य ते वापरत नव्हते, ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना ठाऊक होती. पण ‘ते वापरत नव्हते’ आणि ‘त्यांना न वापरू देण्याचा आम्हाला हक्क आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहिवाटीला कायद्याचं बळ हवं असेल तर ती फार प्राचीन, निश्चित, अखंड चालत आलेली आणि वाजवी असावी लागते, आणि हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. वादींना ती पुराणकाळापासूनची आहे हे शाबीत करता आलं नाही. अपील फेटाळलं गेलं.

मात्र उच्च न्यायालयाने एक प्रश्न मुद्दाम सोडून दिला. अशी वहिवाट सिद्ध झालीच असती तर ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरली असती का, यावर न्यायालयाने मत दिलं नाही. गरज नाही म्हणून बाजूला ठेवलं. महाडचा खटला जिंकला गेला तो पुराव्यावर. अस्पृश्यता मुळातच अवैध आहे हे म्हणायला १९५० च्या राज्यघटनेतलं कलम १७ यावं लागलं. महाडचा विजय थोर आहे, पण तो किती काठावरचा होता हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या कागदपत्रांत चार साक्षी अधिक भक्कम निघाल्या असत्या तर?

कायद्याचा पहिला मसुदा

महाडनंतर दलितांवर गावोगाव आर्थिक कोंडी लादली गेली. मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की या वर्गांना दडपण्यासाठी सामाजिक बहिष्काराहून अधिक प्रभावी हत्यार शोधता आलं नसतं. कारणही दिलं होतं: हे लोक सवर्णांच्या जमिनीवरची कुळं आहेत, शेतमजूर आहेत किंवा गावकामगार म्हणून धान्यावर जगतात. हक्क मागितला की काम, जमीन आणि दुकान एकाच दिवशी बंद.

याच काळात गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जी संरक्षणांची योजना ठेवली, तिच्यात बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा करण्याची कलमं होती. आधार होता १९२२ चा ब्रह्मदेशाचा बहिष्कारविरोधी कायदा. घर किंवा जमीन द्यायला नकार, व्यवहार आणि मजुरी तोडणं, नेहमीचे सामाजिक संबंध तोडणं, बहिष्कारासाठी चिथावणं आणि बहिष्काराची धमकी देणं, असे वेगवेगळे भाग त्यात केले होते.

त्या मसुद्यात एक अपवाद होता. खऱ्याखुऱ्या कामगार वादात केलेली कृती आणि धंद्यातली सर्वसाधारण स्पर्धा, यांना गुन्हा धरू नये. हा अपवाद किती दूरदृष्टीचा होता ते तीन वर्षांनी अलिबागजवळच्या चरी गावात दिसलं. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी कसायचं बंद केलं. संप २५ गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. तोही असहकारच होता. पण कुळांनी आपलं श्रम रोखलं होतं, मजुरीच्या आणि खंडाच्या अटींसाठी. कोणाच्या मयताला खांदा नाकारला नव्हता. बहिष्कारविरोधी कायदा लिहिताना ही रेघ ओढावीच लागते, नाहीतर बलवानांच्या विरोधात वापरण्यासाठी दुर्बलांच्या हातात काहीच राहत नाही. बाबासाहेबांनी पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं; खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने.

१९४९ चा कायदा आणि १९६२ चा निकाल

त्याच १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कृतीला प्रतिबंध करणारा कायदा केला. कोणत्याही समाजाने सदस्याला बहिष्कृत केलं तर ते अवैध, आणि तसं करणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत दंड. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक पंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा हक्क राज्यघटनेचं कलम २६ देतं आणि धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं हा त्याचाच भाग, असं बहुमत म्हणालं. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांचं मत वेगळं होतं: दफनभूमी, प्रार्थनास्थळ आणि नातीगोती तुटलेल्या माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, तेव्हा समाजसुधारणेसाठी राज्य हस्तक्षेप करू शकतं.

सिन्हांचं अल्पमत मानवी दु:खाच्या अधिक जवळ जाणारं आहे, असं आम्हाला वाटतं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा की नाही हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. एक मात्र लक्षात ठेवावं. १९६२ चा निकाल धार्मिक पंथाच्या धार्मिक शिस्तीबद्दल आहे. निवडणुकीला उभं राहिल्याबद्दल पाच हजारांचा दंड ठोकणाऱ्या गावकीला त्याचा आडोसा घेता येत नाही.

आजचा कायदा काय म्हणतो

२०१० नंतरच्या दशकात रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. त्याआधी पोलिसांना धमकी, खंडणी अशी इकडची-तिकडची कलमं जुळवावी लागत. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला.

यात ‘समुदाय’ म्हणजे जन्म, धर्मांतर किंवा धार्मिक विधींनी जोडलेले, एकाच धर्माचे, पंथाचे, जातीचे वा पोटजातीचे लोक. गावकी, भावकी, जात पंचायत, जमात, सगळे यात येतात. लग्न किंवा अंत्यविधी करू न देणं, समाजाच्या कार्यक्रमात किंवा मिरवणुकीत येऊ न देणं, समाजमंदिर आणि स्मशान वापरू न देणं, संबंध तोडायला इतरांना चिथावणं, राजकीय कल किंवा नैतिकतेच्या नावाखाली भेदभाव करणं, हे सगळं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मदत करणाऱ्याला आणि चिथावणाऱ्यालाही तीच. बहिष्कार घालण्यासाठी बैठक भरवणं हासुद्धा वेगळा गुन्हा आहे. अशी बैठक होणार असल्याचं आधी कळलं तर जिल्हाधिकारी ती रोखण्याचा आदेश काढू शकतात. दंडाची रक्कम पूर्ण किंवा अंशतः पीडिताला भरपाई म्हणून देता येते. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. तो जामीनपात्रही आहे, म्हणजे आरोपी लवकर गावात परत येतात. तक्रार करणाऱ्या घराने याची तयारी ठेवावी.

पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार घालणारे त्याबाहेरचे असतील तर दुसरा, अधिक कडक रस्ता आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं वा त्याची धमकी देणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. शिक्षा किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं. तपास पोलीस उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. फिर्यादीत आपली जात आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीचे नाहीत, हे दोन्ही स्पष्ट लिहायला हवं. हे एक वाक्य राहून गेल्याने पुढे वाद निघतात.

तक्रार: कुठे फसते आणि कशी लिहावी

सगळ्यात जास्त तक्रारी पहिल्याच वाक्यात कमकुवत होतात. ‘गावाने आम्हाला वाळीत टाकलं आहे’ हे खरं असतं, पण गाव आरोपी होऊ शकत नाही आणि ‘वाळीत’ हा निष्कर्ष आहे, घटना नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘अमुक तारखेला रात्री नऊच्या सुमारास ग्रामदेवतेच्या देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. अमुक अमुक हजर होते. अमुक यांनी उभं राहून सांगितलं की यांच्या घरी जो जाईल त्याने पाच हजार रुपये दंड भरायचा. त्यानंतर अमुक तारखेला माझ्या सासूच्या मयताला वाडीतलं कोणी आलं नाही; अमुक गावाहून माहेरची माणसं बोलवावी लागली. अमुक तारखेला शिमग्याची पालखी शेजारच्या दोन्ही घरी गेली, आमच्याकडे आली नाही.’ तारीख, जागा, माणूस, शब्द आणि परिणाम. अशा तीन-चार घटना पुरेशा असतात. शंभर नावं घालण्यापेक्षा ज्यांनी ठराव मांडला, ज्यांनी दंड गोळा केला आणि ज्यांनी धमकी दिली त्यांचीच नावं द्यावीत. सगळ्या गावाला आरोपी केलं की साक्षीला कोणीच उरत नाही.

पुरावा बहुतेक वेळा गावकीनेच तयार केलेला असतो. बैठकीच्या वहीतली नोंद, दंडाची पावती, वर्गणी नाकारल्याचा निरोप, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधला संदेश, ग्रुपमधून काढून टाकल्याची नोंद, फलकावर लावलेला कागद. दंड भरावाच लागला तर पावती मागावी. दिली नाही तर रक्कम यूपीआयने किंवा धनादेशाने द्यावी, माग राहतो. व्हॉट्सॲपचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फोन जपून ठेवावा, चॅट पुसू नये, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्यावं. फोन बदलताना हा पुरावा हमखास हरवतो.

साक्षीदार गावाबाहेर शोधावेत. बाहेरगावचे नातेवाईक, मजूर ज्यांना कामावर येऊ नका सांगितलं गेलं, शिक्षक, आशा सेविका, एसटीचा वाहक, दुकानात माल न मिळाल्यावर दुसऱ्या गावी ज्याच्याकडून सामान घेतलं तो दुकानदार. यांचं पोट त्या गावकीवर नसतं.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि एक प्रत शिक्क्यासह परत घ्यावी. बैठक मुंबईत झाली असेल तर हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. प्रथम माहिती अहवालाची प्रत फुकट मिळते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या टप्प्यातल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने पोलीस १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणून ‘चौकशी चालू आहे’ असं उत्तर मिळालं तर तारीख मोजत राहावी. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवावा, आणि तरीही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद देण्याची सोयही २०१६ च्या कायद्यात आहे. फार उशीर करू नये: तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत असते. बहिष्कार चालूच असेल तर अलीकडची घटना तारखेसह नोंदवून ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, असं कायदा म्हणतो.

वकिलाच्या खर्चाने अडू नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न कितीही असलं तरी तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक त्यासाठी आहे.

गुन्हा नोंदला गेला की गावकीकडून तडजोडीचा निरोप येतो. तो धुडकावलाच पाहिजे असं नाही, कारण त्या घराला त्याच वाडीत राहायचं असतं. न्यायालयाच्या परवानगीने आणि पीडिताच्या संमतीने तडजोड होऊ शकते. पण ‘झालं गेलं विसरा’ एवढ्या बोलीवर तक्रार मागे घेतलेली घरं पुढच्याच गणपतीत पुन्हा वाळीत पडतात. तडजोड लेखी हवी. बहिष्काराचा ठराव रद्द केल्याचं ज्या बैठकीत तो झाला त्याच बैठकीत वाचून दाखवलं जावं आणि वहीत तशी नोंद व्हावी. मुंबईचं मंडळ वेगळं असेल तर तिथल्या वहीतही. घेतलेला दंड परत मिळाल्याची पावती हवी. ज्या शेजाऱ्यांना मदत केल्याबद्दल दंड झाला त्यांचाही दंड परत व्हावा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी दाराशी येणार नाही. पालखी, समाजमंदिर, स्मशान आणि पाणवठा यांचा उल्लेख नावानिशी असावा. आणि या सगळ्यावर सही करणाऱ्यांत त्या घरातल्या बाईची सही असावी.